बाळाच्या लघवीची मेटाबॉलिक तपासणी, घरपोच सॅम्पल: सर्व्हिस चांगली, पण माहिती अर्धीच देतात

जळगावच्या एका लॅबकडून आमच्या भाचीच्या बाळाची ही टेस्ट (अन्न शरीरात नीट वापरलं जातं का, त्यात जन्मजात काही बिघाड आहे का ते बघणारी) करून घेतली. भाची दिलेली सख्ख्या आत्याच्या घरात, पहिलं बाळ फिट येऊन गेलं आणि कारण शेवटपर्यंत कळलंच नाही, म्हणून अमळनेरच्या डॉक्टरांनी यावेळी बाळंतपणाआधीच बजावलं होतं. आईबाप दोघांकडे सारखाच बिघडलेला जीन असला तर दर खेपेला 4 मधे 1 चान्स असतो, घाबरून नाही पण गाफील पण राहू नका म्हणे.

सॅम्पलवाली पोरगी वेळेवर आली, हात धुऊन ग्लोव्हज घातले, फिल्टर पेपर लंगोटात नीट बसवून दिला. पावडर तेल काही लावायचं नाही, शी लागली तर कागद बाद. पहिला बादच झाला, तिने न कुरकुरता दुसरा दिला. ओला झाल्यावर सावलीत वाळवायचा, उन्हात अजिबात नाही, हे तिने आजीला परत परत सांगितलं ते फार बरं केलं, कारण आजी निघालीच होती गच्चीवर. सुई नाही, रडणं नाही. पुढे मोठ्या शहरात जीसीएमएस मशीनवर (लघवीतले पदार्थ वेगवेगळे करून ओळखणारं मशीन) त्यातली ऑरगॅनिक ॲसिड, म्हणजे असा बिघाड असला की वाढणारी आम्लं, तपासतात.

आता तक्रार. फोनवर "हीच एक केली की सगळं आलं" असं सांगितलं, ते साफ चूक आहे. थायरॉईड न् जीसिक्सपीडी (रक्तातल्या लाल पेशी फुटायला लावणारा जन्मजात दोष) लघवीत कळत नाही, त्याला टाचेचं रक्तच लागतं. पीकेयूचंही (प्रोटीनमधला एक घटक शरीराला पचवता येत नाही तो जन्मजात आजार) तसंच. तो आजार 1934 साली नॉर्वेत फोलिंग डॉक्टरांनी लघवीतूनच शोधला, फेरिक क्लोराईड टाकल्यावर हिरवा रंग आला म्हणून, ते पण दोन लेकरांची आई वासाचं कारण विचारत दारोदार फिरली तेव्हा. पण तान्ह्या बाळात तो रक्तातच आधी सापडतो. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं म्हणून टाचेची पण केली, ज्याला कोणी सांगणार नाही तो बिचारा निर्धास्त बसेल ना!

रिपोर्ट मोबाईलवर आला, सगळा इंग्रजी न् नुसते ग्राफ, समजावून सांगायला एक माणूस नाही. भाचीने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी डॉक्टरांनी बघून नॉर्मल सांगितलं. सॅम्पल घेणारीला पाचपैकी पाच, फोनवरच्या माहितीला दोन.