टिळकवाडीतला कन्नड क्लास: बाई भारी, पुस्तक बेकार

आधी स्टार सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक कापला तो पुस्तकासाठी, त्यावर खाली येतोच.

बेळगावात जन्म, मराठी शाळा, आणि कन्नड म्हणजे 'बर्री, कुंद्री, एष्टु' (या, बसा, किती) एवढ्यावर निम्मं आयुष्य काढलेली माणसं आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत, त्यातलाच मी. क्लास काँग्रेस रोडवरनं आत एका घराच्या वरच्या मजल्यावर चालतो, बोर्ड वगैरे काही नाही, ओळखीओळखीनं लोक येतात म्हणून नाव टाकत नाही. फी महिन्याला 800. बाई धारवाडकडच्या, पण मराठी फर्डं.

आवडलं काय तर बाई मराठीवरनं कन्नड शिकवतात. यूट्यूबवर बघितलं तर बहुतेक सगळं इंग्रजीतून, बंगळुरूला नोकरीला आलेल्या लोकांसाठी, आपल्याला मधे इंग्रजी कशाला पाहिजे? क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला चिकटून, ठेवण सगळी आपल्यासारखीच. 'मला कन्नड येतं' म्हणजे 'ननगे कन्नड बरुत्तदे', मला-ननगे, येतं-बरुत्तदे, जागच्या जागी बसतं. लिंग तर आपल्यापेक्षा सोपं, माणसांत तो आणि ती, बाकी खुर्ची, टेबल, कपाट सगळं 'अदु', म्हणजे ते. आपल्यात पाव तो, भाकरी ती आणि बिस्कीट ते, हे शिकताना कन्नड माणसाचं काय होत असेल याचा मी तरी आधी कधी विचार केला नव्हता.

अवघड जातं ते आखूड आणि लांब ए. मराठीत त्यानं अर्थ बदलत नाही त्यामुळं आपल्या कानाला तो फरक कळतच नाही. बाईंनी एक दिवस सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि 'बेळे' म्हणत गेल्या, ए आखूड असला तर पीक, लांबवला तर डाळ, कळलं तसा हात वर करायचा. कॉलेजची पोरं पटापट वही भरणारी, ती धडाधड चुकली आणि किराणा दुकानवाले एक काका, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, ते एकदाही चुकले नाहीत. दिवसभर काउंटरवर ऐकून ऐकून कान तयार झालेला. त्यानंतर बाईंनी पहिली दहा मिनिटं वह्या बंदच ठेवायला लावल्या, नुसतं ऐकायचं. मला विचाराल तर फी तिथंच वसूल.

दुसरं म्हणजे 'आहे' ला पुस्तकातलं 'इदे' शिकवतात तसं इथलं 'ऐति' पण शिकवतात, 'या' ला 'बन्नि' बरोबर 'बर्री' पण. होमवर्क काय तर भाजी मार्केटात जाऊन कन्नडमधनं भाव करायचा आणि मावशी मराठीवर आल्या तरी आपण कन्नड सोडायचं नाही. हे वाटतं तेवढं सोपं नाही हां, आपलं अडखळणं ऐकलं की समोरचा दया येऊन लगेच मराठीत सुरू होतो आणि आपल्याला पण सुटल्यासारखं वाटतं.

कट्ट्यावर प्रश्न येतोच, 'कन्नड शिकतोस म्हणजे तिकडं गेलास काय बे?' बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं हे 1956 पासूनचं दुखणं आहे, दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागायचा तेव्हा लागू दे. मराठीतून कागद मागायचं मी सोडलेलं नाही, सोडणार पण नाही. पण शेताची पहाणी, म्हणजे इथला सातबारा, हातात येते ती कन्नडमध्ये, आणि त्यात आपल्याच नावापुढं काय लिहिलंय हे दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं हे काय मला बरं वाटत नाही.

लिपीचं टेन्शन घेऊ नका, क ख ग घ आपल्याच क्रमानं, ळ पण आहे. फक्त जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं, बारीक. आणि इथंच पुस्तकाचा घोळ! पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, खाली लटकणारं अक्षर म्हणजे काळा डाग, 'पक्क' आहे की 'पक्ष' हे अंदाजानं वाचायचं. दर महिन्याला फी घेता तर एकदा नीट छापून घ्या की! धडे पण लहान पोरांचे, ससा न् कासव, पहाणीतला किंवा अर्जातला एक शब्द नाही. सांगून बघितलं, 'पुढच्या बॅचला बघू' म्हणाल्या.

केपीएससीच्या (कर्नाटक लोकसेवा आयोग) कन्नड पेपरसाठी जायचं असेल तर हा क्लास नाही, लिहिणं फार कमी घेतात. बोलायचं असेल, दुकान असेल, नाहीतर सून कन्नड घरातली येणार असेल तर डोळे झाकून जावा. संध्याकाळची बॅच गर्दीची असते, सकाळच्या बॅचला बोलायला जास्त वेळ मिळतो. गाडी गल्लीच्या तोंडालाच लावा, आत वळवायला जागा नाही.