मेसचे दर आणि विद्यापीठाचे नाव

विद्यार्थी राजकीय आंदोलनात का उतरतात, याची दोन निरनिराळी उत्तरे १९७०च्या दशकात गुजरात आणि मराठवाड्यात मिळाली.

अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात डिसेंबर १९७३मध्ये मेसचे दर वाढले आणि वसतिगृहातील मुले भडकली. महागाईची झळ घरोघरी लागत असल्यामुळे मध्यमवर्ग त्यांच्या पाठीशी लवकर उभा राहिला, नवनिर्माण आंदोलनाचा रोख भ्रष्टाचाराकडे वळला आणि फेब्रुवारी १९७४मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मार्चमध्ये विधानसभाही बरखास्त झाली.

नामांतराचे तसे नव्हते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिल्याने कोणाचीही फी कमी होणार नव्हती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केल्यामुळे ज्यांच्या घरात पहिल्यांदा उच्च शिक्षण पोहोचले, त्या दलित विद्यार्थ्यांसाठी हा प्रश्न सर्वस्वी मानाचा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत करताच मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरे जाळली गेली. नामांतराला विरोध करणाऱ्यांतही विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट युवाशक्तीचे गोडवे गाताना सहसा वगळली जाते.

नवनिर्माणाला यश काही आठवड्यांत मिळाले, कारण त्याची तक्रार सर्वांचीच होती. चिकाटीच्या कसोटीवर मात्र मला नामांतराची चळवळ अधिक मोठी वाटते: १९७९चा लाँग मार्च, लाठ्या आणि तुरुंगवास सोसूनही ती विझली नाही आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, तडजोड म्हणून का होईना, नामविस्तार झाला, म्हणजे ‘मराठवाडा’ कायम ठेवून विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेले.