चमचे घेताना: १८/१० की १८/०?

स्टेनलेस स्टीलच्या चमच्याच्या दांड्यामागे कोरलेला पहिला आकडा क्रोमियमचा, दुसरा निकेलचा, टक्क्यांत. दुकानात दोन्ही सारखेच लखलखतात. फरक कळतो तो खारट-आंबट लोणच्यात चमचा रात्रभर राहिला की. १८/० वर तांबूस डाग लवकर पडतात. १८/१० निकेलमुळे जास्त तग धरतो. १८/० स्वस्त, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्यांना तोच बरा. १८/० ला लोहचुंबक चिकटतं, १८/१० ला सहसा नाही.

पण नुसत्या चुंबकावर विसंबू नका. मँगेनीजवालं, २०२ क्रमांकाचं स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही, आणि चांगल्या संचातली सुरी मात्र चिकटते, कारण धारेसाठी तिचं पोलाद वेगळं असतं. रोजच्या जेवणाला मी १८/१० च घेईन, तेही जाड दांड्याचे. घट्ट श्रीखंड वाढताना चमचा वाकता कामा नये.