आर्थिक नियोजकाचा सल्ला घेऊन १४ महिने: माझा अनुभव

फायनान्शियल प्लॅनरकडे गेल्यावर पहिल्याच भेटीत कोणत्या फंडात पैसे घालावेत हे कळेल, अशा समजुतीने मी गेलो होतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन भेटींत फंडाचे नावही निघाले नाही आणि शुल्क आगाऊ भरलेले असल्यामुळे आपण फसलो की काय, अशी शंका मनात आली. या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत नियोजनाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात आणि शिफारशी त्यांतल्या चौथ्या पायरीवर येतात, हे मला नंतर समजले. आज १४ महिन्यांनी ती शंका उरलेली नाही. काही तक्रारी मात्र आहेत, त्याही येथे नोंदवतो.

याआधी मला सल्ला देणारे गृहस्थ विमा पॉलिसी विकत असत. सल्ला फुकट होता, कारण त्यांचे उत्पन्न कमिशनमधून येत होते आणि विमा व बचत एकत्र बांधलेल्या तीन पॉलिसी त्यातूनच माझ्या गळ्यात पडल्या. माझे बरेवाईट झाले असते तर त्या तिन्हींतून मिळून कुटुंबाचा जेमतेम दोन वर्षांचा खर्च भागला असता. म्हणून या खेपेस ठरावीक शुल्क घेणारी आणि स्वतः कोणतीही योजना न विकणारी व्यक्ती शोधली. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाला १ टक्का घेणारेही भेटले होते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. परंतु तो दरवर्षी कापला गेला, तर २० वर्षांनी हाती येणारी रक्कम सुमारे १८ टक्क्यांनी कमी भरते, हे मी घरी कागदावर मांडून पाहिले होते.

पहिल्या भेटीत या नियोजक बाईंनी सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट समोर ठेवून मला महिन्याचा खर्च तोंडी विचारला. मी सांगितलेला आकडा आणि खात्यातून खरोखर गेलेली रक्कम यांत जवळजवळ पाचव्या हिश्श्याची तफावत निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. माझा आकडा खोडून त्यांनी त्यावर दुसरा लिहिला. मग मला आणि पत्नीला वेगवेगळे कागद देऊन निवृत्तीचे वय लिहायला सांगितले. मी ५५ लिहिले, तिने ६२. लग्नाला १५ वर्षे होऊनही हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता आणि त्या सात वर्षांच्या फरकाने पुढचे सगळे गणित बदलणार होते.

शिफारशी आल्या त्या अगदी साध्या होत्या: आधी क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडा, सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, निव्वळ मुदतीचा (बचत न जोडलेला) विमा घ्या आणि त्यानंतर गुंतवणुकीकडे वळा. एका बाजूला कार्डावर भरमसाट व्याज भरत असताना दुसऱ्या बाजूला शेअर बाजारातून त्याच्या निम्म्या परताव्याची आशा मी धरून बसलो होतो, हे मला स्वतःहून कसे दिसले नाही, याचे आजही नवल वाटते. महागाईच्या बाबतीतही तेच झाले होते. ती वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतो. मी मात्र निवृत्तीची रक्कम आजच्या भावाने मोजत होतो.

नवव्या महिन्यात बाजार जोरात कोसळला आणि सगळे विकून टाकावे म्हणून मी त्यांना फोन केला. बाजार कुठवर जाईल, यावर त्यांनी एक शब्दही काढला नाही. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरमध्ये ठेवायचे नाहीत, असे लिहिलेला आणि मी सही केलेला कागद त्यांनी मला काढायला लावला व विचारले, "यांतल्या कोणत्या गरजेची तारीख बदलली आहे?" एकही बदलली नव्हती. फोन चार मिनिटांत संपला आणि वर्षभराच्या शुल्काचा मोठा भाग माझ्या मते त्या चार मिनिटांत वसूल झाला.

आता तक्रारी. अहवाल ६० पानांचा होता आणि त्यातली निम्मी पाने कुणालाही देता येतील अशी छापील होती. त्यात दरवर्षी एकसारखाच परतावा धरलेला होता. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षेच मंदीची गेली तर काय, हे मी विचारल्यावर वेगळी मांडणी करून मिळाली. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढावेत आणि पुढे ती रक्कम महागाईनुसार वाढवत जावे, असेही त्यात होते. हा आकडा अमेरिकी आर्थिक नियोजक विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढला, याचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. मी ते दाखवल्यावर त्यांनी ३.५ टक्के धरून गणित पुन्हा केले, हे खरे; परंतु ग्राहकाने विचारेपर्यंत थांबायला नको होते. ईमेलला उत्तर यायलाही कधी कधी आठवडा लागतो.

दुसऱ्या वर्षाचे शुल्क मी भरले आहे. वार्षिक आढाव्याच्या वेळी यादीतल्या बहुतेक ओळींपुढे खूण झाली. मृत्युपत्राची ओळ तेवढी कोरी आहे आणि ती त्यांच्यामुळे नव्हे, माझ्या आळसामुळे.