प्लेटलेट्सवर देखरेख: ठरावीक तपासणी की लक्षणांवर नजर?

आयटीपी (इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया) या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, नष्ट करते आणि आजार १२ महिन्यांपलीकडे टिकला, की तो दीर्घकालीन मानला जातो. स्टेरॉइडचे पहिले उपचार संपल्यावर ठरावीक अंतराने सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करावी की लक्षणे दिसल्यावरच, हा प्रश्न उरतो. स्टेरॉइडचा डोस उतरवला जात असताना किंवा नुकताच थांबला असताना प्लेटलेट्सचा आकडा पुन्हा घसरू शकतो, म्हणून त्या काळात ठरावीक तपासणीला पर्याय नाही. मात्र दर मायक्रोलिटर रक्तात ४०,०००चे ३५,००० झाले म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. रक्तस्राव नसलेल्या प्रौढाला ३०,०००च्या वर बहुधा औषध लागत नाही. शिवाय रक्ताच्या नमुन्याच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र आकडा खोटाच कमी दाखवते. तेव्हा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेले रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आकडा स्थिरावल्यावर डॉक्टरांच्या संमतीने तपासण्यांतील अंतर वाढवता येते, पण मग नजर शरीरावर हवी: नडगीवरचे टाचणीच्या टोकाएवढे, दाबूनही न विरणारे लाल ठिपके, हिरड्यांतले रक्त, वारंवार फुटणारा घोळणा. अचानक तीव्र डोकेदुखी किंवा काळे शौच झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.