जाड मांजर बारीक करायचंय: उपास की मोजून खाणं?

"एक दिवस लंघन घाल, उतरेल वजन." आमची ठमी 6 किलोवर गेली तेव्हा मला हा सल्ला मिळाला, जोडीला उंदरांवरच्या प्रयोगाचा दाखला. प्रयोग खरा आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेच्या संशोधकांनी उंदरांना भरपूर चरबीचं खाद्य दिलं. काहींना दिवसरात्र मोकळीक, काहींना रोज 8 तासच. उष्मांक दोघांच्या पोटात सारखेच गेले, तरी 8 तासवाल्यांचं यकृत कमी चरबट राहिलं. पण ते उंदीर रोज पोटभर खात होते. शिवाय उंदराचे नियम मांजराला लागू होत नाहीत.

मांजर मांसाहारी. वाटी रिकामी असली तरी त्याचं शरीर प्रथिनं मोडतच राहतं, त्याला तो वेग आवरता येत नाही. उपास पडला की कातडीखालची चरबी सुटते आणि रक्तातून यकृताकडे धावते. ती बांधून पुढे पाठवायला प्रथिनं लागतात, आणि नेमकी तीच संपत आलेली असतात. मग चरबी यकृतातच साचते. जितकं मांजर जाड, तितका साठा मोठा आणि धोकाही मोठा. दोन-तीन दिवस खाणं बंद झालं तरी हे सुरू होऊ शकतं. मग मानेतून नळी घालून कित्येक आठवडे भरवावं लागतं. वेळेत सुरू केलं तर बहुतेक मांजरं वाचतात, पण हाल फार होतात.

धडधाकट मोठ्या कुत्र्याला एक दिवसाचा उपास झेपतो. सशाला मात्र अजिबात नाही. त्याचं आतडं सतत हलतं राहायला हवं, म्हणून ऑपरेशनआधीही त्याला उपाशी ठेवत नाहीत. जाड सशाचं शेंगदाणे, बिया, बिस्किटं बंद करा, गवत मात्र कायम समोर ठेवा.

आता वाटीतल्या चरबीचं. एका ग्रॅम चरबीत 9 उष्मांक, प्रथिनात 4. त्यामुळे चरबी थोडी कमी करणं योग्यच. पण ती काढून दूध-पोळी देणं मला साफ चुकीचं वाटतं, कारण तिथे प्रथिनंही घटतात. पूर्ण बिनचरबीचंही चालत नाही. ॲरॅकिडॉनिक आम्ल हा चरबीतला गरजेचा घटक मांजराला वनस्पती तेलापासून पुरेसा बनवता येत नाही, तो प्राण्यांच्या चरबीतूनच यावा लागतो.

म्हणून माझं मत मोजून खाण्याच्या बाजूने. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्के घट पुरे. ठमीसाठी मी एक टक्का धरला, म्हणजे 60 ग्रॅम. एक किलो उतरायला चार महिने. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिच्या खाद्याचे दाणे मोजते, दिवसातून चार वेळा थोडे थोडे देते.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे "भूक लागली की खाईल झक मारून". नवं खाद्य आणल्यावर ठमीनं वाटी हुंगली आणि पाठ फिरवली. दुसऱ्या सकाळीही दाणे तसेच. मी त्याच क्षणी जुनं खाद्य परत दिलं, मग त्यात चमचा चमचा नवं मिसळत दहा दिवस घेतले. तुमच्या मांजरानं पूर्ण दिवस तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. ओठ उचलून हिरडी बघा, कानाची आतली बाजू उजेडात धरा. पिवळी झाक दिसली, लाळ गळत असली, उलट्या होत असल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.