पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट : कोणती कादंबरी आधी वाचावी?

पोलिश कादंबरी निवडताना कथानकाआधी पुस्तक केव्हा आणि कसं छापलं गेलं ते पाहावं. सेन्सॉरच्या हाताखालून गेलेलं, चोरून छापलेलं आणि राजवट कोसळल्यावर लिहिलेलं, या तिन्हींत तीच सत्ता वेगवेगळी दिसते.

येझी आंजेयेव्हस्की यांची ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’ (1948) अधिकृतपणे छापली गेली. काळ मे 1945, महायुद्ध संपत असतानाचे मोजके दिवस. कम्युनिस्टविरोधी भूमिगत लढ्यातल्या माचेकला कम्युनिस्ट पक्षाचा पदाधिकारी श्चुका याला ठार करायचं आहे. राजवट अजून बसायची आहे, तेव्हा टंचाई आणि रांगा शोधत असाल तर हे पुस्तक ते नव्हे. श्चुकाबद्दलची सहानुभूती प्रकाशनाचं वर्ष लक्षात ठेवूनच वाचावी. दिग्दर्शक आंजेय वाइदा यांच्या याच कादंबरीवरच्या 1958 च्या चित्रपटात झुकाव माचेककडे आहे; आधी चित्रपट पाहिला असेल तर पुस्तक वेगळंच वाटेल.

तादेउश कोन्वित्स्की यांच्या पुढच्या दोन्ही कादंबऱ्या सेन्सॉरला टाळून ‘झापिस’ या भूमिगत नियतकालिकातून आल्या. ‘द पोलिश कॉम्प्लेक्स’ (1977) मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी लोक वॉर्साच्या सोनाराच्या दुकानाबाहेर रशियन सोन्यासाठी ताटकळत उभे आहेत. रांग हीच कादंबरी. पण मध्येच 1863 चा रशियाविरुद्धचा उठाव येतो आणि तिथे वाचक अडखळतो. त्या उठावाची पानभर माहिती आधी वाचून घ्यावी.

‘अ मायनर अपोकॅलिप्स’ (1979) मध्ये विरोधी गटातले सहकारी एका उतारवयातल्या लेखकाकडे सकाळी येऊन सांगतात, आज रात्री आठला निषेध म्हणून स्वतःला पेटवून घ्या. मग तो दिवसभर ज्वलनशील द्रवाचा डबा घेऊन शहर फिरतो. आजची खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, तीही सरकारच्या हातात! इथे टोपी सत्ताधाऱ्यांची उडते तशी विरोधकांचीही, आणि म्हणूनच ही कादंबरी निषेधपत्रक होत नाही. एकच वाचायची असेल तर हीच.

अन्तोनी लिबेरा यांची ‘मादाम’ (1998) मात्र नवख्यासाठी सोयीची. साठच्या दशकातला वॉर्साचा शाळकरी मुलगा फ्रेंच शिकवणाऱ्या मुख्याध्यापिकेचा भूतकाळ खणत जातो. तुरुंग नाही, मारझोड नाही. कुणाशी किती बोलायचं, परदेशी जायला परवानगी कुणाला मिळते, एवढ्यातच धाक जाणवतो. चाल संथ, फ्रेंच नाटकांचे संदर्भ भरपूर. ते कंटाळवाणे वाटले तर ‘मादाम’ बाजूला ठेवून थेट कोन्वित्स्कींकडे वळावं. त्यांच्या या दोन्ही कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद रिचर्ड लौरी यांचे आहेत.